साहेबांच्या गालावरचे ठिपके

बायको लेकीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा भिंगकाकांना वाटलं होतं, ती घर आपल्या हवाली करून जाईल. तिने घर समोरच्या मावशींच्या हवाली केलं, जादा किल्ली खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींकडे दिली, दूधवाल्याला जिन्यातच गाठून काय सांगायचं ते सांगितलं, आणि काकांच्या हवाली फक्त मासे केले. तेही इलाज नव्हता म्हणून. काचेची टाकी उचलून मावशींकडे नेता आली असती तर तिने तीही नेली असती.

"सकाळी चिमूटभर खाणं टाकायचं," ती दारात उभी राहून म्हणाली. "आणि चिमूट माझ्या मापाची. तुमची चिमूट म्हणजे मूठ असते."

एरवी काकांनी याला उत्तर दिलं असतं. पण ते मुकाट्याने बॅग उचलून खाली गेले, कारण या माशांवर बरंच काही अवलंबून होतं. झालं होतं असं, की लेकीची बदली याच गावात झाली होती. बाळ जरा सावरलं की ती दोन गल्ल्या सोडून राहायला येणार, नोकरीवर रुजू होणार. मग सकाळी बाळाने राहायचं कुठे? आजीचा शिवणाचा वर्ग नेमका सकाळी. म्हणजे उरले आजोबा. आजोबा केव्हाचे तयार होते. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या सकाळी इतक्या रिकाम्या झाल्या होत्या, की वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातीसुद्धा ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. पण लेकीने फोनवर तोंडावरच विचारलं, "बाबा, तुम्ही आजवर एखादा जीव सांभाळलाय का?"

"तुला नाही सांभाळलं?"

"मला आईने सांभाळलं. तुम्ही माझ्या फ्रॉकवरचे डाग दाखवायचात."

"ते डाग होतेच."

"तेच म्हणतेय मी. पाळणाघर बघून ठेवलंय. तुम्ही आधी आईचे मासे सांभाळून दाखवा. मी येईन तेव्हा सगळे धड असले, तर बघू."

बघू! जन्मभर ज्याच्या शब्दावर गिरणी चालली त्या माणसाला स्वतःची मुलगी 'बघू' म्हणते. काकांना ते लागलं. गिरणी त्यांच्या शब्दावर चालली असं ते म्हणत. खरं तर ती त्यांच्या शब्दावर थांबत असे. ते कापड तपासनीस होते. खालून दिवा लावलेल्या लांब टेबलावरून तागा सरकत जायचा, काका भिंग डोळ्याला लावून उभे, आणि एवढासा ठिपका दिसला की त्यांचा हात वर जायचा. हात वर गेला की पलीकडचा माग बंद. मालक येऊन ओरडले तरी जो माग थांबत नसे, तो काकांच्या एका हाताने थांबे. हे सुख ज्याने भोगलं त्याला निवृत्ती फार जड जाते. घरात हात वर केला तर बायको विचारायची, "काय हवंय?" भिंग मात्र त्यांनी गिरणीतून निरोपाच्या दिवशी मागून आणलं होतं, आणि ते खिशात ठेवूनच ते भाजी आणायला जात. म्हणून तर सगळी इमारत त्यांना भिंगकाका म्हणायची आणि भाजीवाला त्यांना बघून पाठ फिरवायचा.

टाकी बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ होती. तिच्यात सोनेरी मासे होते. सगळ्यात ऐटबाज तो 'साहेब'. हे नाव बायकोने ठेवलं होतं, कारण तो ओठ पुढे काढून, कुणाकडेही न बघता, टाकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फेऱ्या मारायचा. पोट सुटलेली पांढरट 'गोरी' त्याच्याशी फटकून वागायची. बाकीचे किरकोळ होते. त्यांना नावं नव्हती आणि त्यांची तक्रारही नव्हती.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. काका खाणं टाकायचे, मासे खायचे. मग एका सकाळी साहेब काचेला तोंड लावून उभा असताना काकांचा हात खाण्याच्या डबीसकट हवेतच थांबला. साहेबांच्या गालावर, म्हणजे कल्ल्याच्या झाकणावर, बारीक पांढरे ठिपके होते. काकांनी भिंग काढलं. ठिपके भिंगातून आणखी मोठे झाले. दुसऱ्या गालावरही होते. पुढच्या परांच्या कडेलाही ओळीने होते.

डाग!

निवृत्त झाल्यापासून काकांचं काळीज इतक्या जोरात धडधडलं नव्हतं. काळजी तर होतीच. पण खोटं का बोला, थोडा आनंदही होता. इतक्या दिवसांनी एक डाग सापडला होता, आणि तो दुसऱ्या कुणाला दिसला नव्हता.

त्यांनी वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरांना बोलावलं. कंपाउंडरांनी उभी हयात एका डॉक्टरांच्या हाताखाली पुड्या बांधण्यात घालवली होती, आणि डॉक्टर गेल्यापासून इमारतीपुरते ते स्वतःच डॉक्टर झाले होते. ते आले, चष्मा वर केला, टाकीभोवती एक चक्कर मारली.

"जीभ बघितली?"

"माशाची?"

"कुणाचीही असो. जिभेशिवाय निदान होत नाही." मग थोडा विचार करून ते म्हणाले, "गोवर नाही. कांजिण्या असाव्यात. लहानपणी झाल्या होत्या का त्याला?"

"त्याचं लहानपण मला माहीत नाही."

"मग कठीण आहे."

एवढ्यात समोरच्या मावशी दार ढकलून आत आल्या. घर त्यांच्या हवाली असल्यामुळे त्या बेल वाजवत नसत. त्यांनी साहेबांकडे एकदाच बघितलं आणि निकाल दिला, "काही रोगबिग नाही. वहिनींची आठवण येतेय त्याला. घरात बाईमाणसाचा आवाज नाही, सुकणार नाही तर काय! रेडिओ लावून ठेवा."

"मावशी, पाण्यात रेडिओ ऐकू येतो का?"

"तुम्हाला बाहेर असून वहिनींचं ऐकू येत नव्हतं. त्याचं काय सांगावं!"

काकांनी रेडिओही लावला आणि कंपाउंडरांच्या सल्ल्याने पाण्यात मीठही टाकलं. उपाय कुठलाही वाया जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचं धोरण होतं. मीठ किती टाकायचं यावर मावशी आणि कंपाउंडर यांचं वाजलं. मावशी म्हणाल्या आमटीला घालतो तेवढं, कंपाउंडर म्हणाले गुळण्यांना लागतं तेवढं, आणि काकांनी दोघांचंही मन राखलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. बाळाने आज काय केलं, किती वेळा केलं, हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "साहेब कसाय?"

इथे काकांनी खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सांगायलाही काही उरलं नसतं. पण तिच्या शेजारी लेक बसलेली, तिच्या डोक्यात पाळणाघर. काकांच्या तोंडून निघून गेलं, "मजेत आहे. चेहऱ्यावर तेज आलंय."

"तेज?"

"म्हणजे... उठून दिसतोय." हे मात्र अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी साहेबांना झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घेतलं आणि जनावरांचा सरकारी दवाखाना गाठला. खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "जनावर बाहेर बांधलंय का?"

"डब्यात आहे."

कारकुनाने मान वर केली. "नाव?"

"साहेब."

"तुमचं नव्हे, जनावराचं."

"जनावराचंच सांगतोय."

कारकुनासमोर छापील कागद होता. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर, कोंबडी, इतर. "मासा यात नाही," तो म्हणाला.

"इतर आहे की!"

"इतरमध्ये घोडा येतो."

"अहो, घोडा येतो मग मासा का नाही?"

"घोडा स्वतःच्या पायांनी येतो. मत्स्य खात्यात जा. पुढच्या चौकात, पाण्याच्या टाकीमागे."

मत्स्य खात्यात गर्दी नव्हती. एक अधिकारी पंख्याखाली बसून पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. काका भारावले.

"किती माल आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"एक."

"एक टन?"

"एक नग."

"बरं. तळं कुठे आहे?"

"बैठकीच्या खोलीत."

अधिकाऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. डब्याचं झाकण उचलून आत डोकावले. "खायचा आहे का?"

काकांनी डबा छातीशी ओढला. पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं, अधिकाऱ्यांच्या टेबलावरही सांडलं. "घरचा आहे हो!"

"तसं नाही, आमचं खातं खायच्या माशांचं आहे," अधिकारी टेबल पुसत समजुतीने म्हणाले. "पाळलेला असेल तर तो जनावरांच्या दवाखान्यात. मागच्या चौकात."

परत येताना काकांना जो अपमान वाटला तो साहेबांच्या वतीने वाटला. कुणी म्हणतो तुम्ही जनावर नाही, कुणी म्हणतो तुम्ही मासे नाही. ठिपके पडून वर हे ऐकायचं! त्या तिरीमिरीत ते शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात शिरले.

"पांढरे ठिपके?" दुकानदार म्हणाला. त्याने मागच्या फळीवरची बाटली काढेपर्यंत काकांचं वाक्यही पुरं झालं नव्हतं. "हे निळं औषध. आणि हा हीटर. पाणी कोमट ठेवा, रोग पळतो."

"एकदा बघता का? डब्यात आहे."

"बघायचं काय त्यात? ठिपके पांढरेच आहेत ना?"

"पांढरेच."

"मग झालं!"

काकांना हा माणूस फार आवडला. गिरणीतही ते असेच निकाल देत.

घरी येऊन त्यांनी टाकीत औषध ओतलं. पाणी शाईसारखं निळंशार झालं. मासे दिसेनात. पण सकाळी बघतात तो पाणी पुन्हा नितळ, आणि ठिपके जिथल्या तिथे. काकांनी पुन्हा ओतलं. पुन्हा पाणी नितळ. कंपाउंडरांना विचारलं तर ते म्हणाले, "पितायत. चांगलं लक्षण आहे. तोंडाला चव आली की रोगी वाचतो." मग काय, काका रोज ओतत राहिले. हाताची बोटं निळी झाली, कपाळ पुसलं ते निळं झालं, आणि दुधाचं पातेलं कसं निळं झालं हे मात्र शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

मग कंपाउंडर म्हणाले, औषध आत जातंय तसं घाण पाणी बाहेरही जायला हवं. काकांनी रबरी नळी घेतली, एक टोक टाकीत, दुसरं टोक सज्ज्यातल्या मोरीत. नळी मोरीत राहिली असती तर काहीच झालं नसतं. ती उसळली, सज्ज्याच्या कठड्यावरून खाली लोंबली, आणि बराच वेळ सुखाने वाहत राहिली. खालच्या मजल्यावर दोरीवर सेक्रेटरींचा पांढरा शर्ट वाळत होता.

सेक्रेटरी शर्ट हातात धरून वर आले. काकांनी शर्ट त्यांच्या हातातून घेतला, खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, भिंग लावलं. सवयच ती.

"काय सुंदर चढलाय हो रंग!" ते मनापासून म्हणाले. "कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. कॉलरच्या आतसुद्धा बघा. आमच्या गिरणीत असा एकसारखा..."

"भिंगकाका, मला हा घालून इमारतीच्या वार्षिक सभेत भाषण करायचं होतं."

"करा की. उठून दिसाल."

त्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली: 'इमारतीत विनापरवाना रंगकाम व मत्स्योपचार करू नये.' तोवर ज्यांना साहेबांचं आजारपण माहीत नव्हतं त्यांनाही त्यामुळे कळलं, आणि जिना चढताना जो तो विचारू लागला, "कसं आहे आता?" कुणी डबीतून मुरलेलं लिंबाचं लोणचं आणलं, कुणी जुनी तापाची पट्टी आणली. तिसऱ्या मजल्यावरच्या पेन्शनर मास्तरांनी तर दारातूनच, पायातली चप्पल न काढता, मान हलवली आणि म्हणाले, "आमच्या मेहुण्याचंही असंच सुरू झालं होतं."

या सगळ्यात हीटर आपलं काम चोख करत होता. पाणी कोमट झालं, आणि एका सकाळी साहेबांचं डोकं फिरलं. आजवर ज्याने गोरीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तो तिच्या मागे सुसाट सुटला. ती पुढे, तो मागे. तिच्या पोटाला तोंडाने ढुशा देतोय, तिला टाकीतल्या गवतात रेटतोय, खडे उडतायत, पाणी काठावरून बाहेर पडतंय. काका ओरडले, "अहो साहेब! अहो, हे काय चालवलंय!"

कंपाउंडर धावत आले. त्यांनी एक नजर टाकली आणि गंभीरपणे सांगितलं, "ताप डोक्यात गेला. आता हा कुणाला ओळखायचा नाही."

"मग?"

"वेगळा काढा. नाहीतर तिला संपवेल."

साहेबांना वेगळं काढणं सोपं नव्हतं. चहाच्या गाळणीने जमेना, तेव्हा मावशींनी पिठाची चाळण आणली. बऱ्याच झटापटीनंतर साहेब चाळणीत आले, कंपाउंडर टाकीत कोपरापर्यंत निळे झाले, आणि साहेबांची रवानगी न्हाणीघरातल्या टबात झाली. त्यामुळे काकांच्या आंघोळीची पंचाईत झाली. पंचा खांद्यावर टाकून, साबणाची डबी हातात धरून, ते रोज सकाळी जिना चढून कंपाउंडरांकडे जाऊ लागले. जिन्यात शाळेत निघालेली मुलं भेटत, कामाला निघालेल्या बायका भेटत. ज्या माणसासमोर विणकर मान खाली घालून उभे राहत, तो माणूस आता निळं कपाळ घेऊन, पंचा सावरत, भिंतीला लागून चालत होता.

पण खरी धास्ती पुढेच होती. साहेब टबात गेले तरी टाकीतले बाकीचे मासे पाण्याच्या वर तोंड काढून उभे राहू लागले. सगळे एका रांगेत, तोंडं उघडी, नुसती उघडझाप. गोरी तर एका कुशीवर कलली होती. काकांनी खाणं टाकलं, कुणी शिवलं नाही. कंपाउंडर आले, त्यांनी या खेपेला काहीच सांगितलं नाही, नुसता चष्मा पुसला. हे फारच वाईट लक्षण होतं.

"श्वास लागतोय त्यांना," काका पुटपुटले. गिरणीत भर उन्हाळ्यात माणसं अशीच खिडकीपाशी येऊन उभी राहत, ते त्यांना आठवलं. गरम हवेत जीव घुसमटतो, मग गरम पाण्यात का नाही? त्यांनी हीटरचं बटण बंद केलं. मग स्टूल ओढलं, तांब्या घेतला, टाकीतलं पाणी तांब्यात भरायचं आणि उंचावरून पुन्हा टाकीत सोडायचं, असं सुरू केलं. पाणी पडलं की बुडबुडे उठत, बुडबुड्यांपाशी मासे गोळा होत. काका ओतत राहिले. मावशींनी ताट आणलं ते झाकून ठेवलं. कंपाउंडर म्हणाले, मी धरतो थोडा वेळ तांब्या. काकांनी दिला नाही. हात भरून आला तेव्हा हात बदलला. त्या दिवशी त्यांनी ना भिंग काढलं, ना ठिपके मोजले. लेक काय म्हणेल, पाळणाघराचं काय होईल, हेही हळूहळू त्यांच्या डोक्यातून गेलं. गोरीचा कल्ला हलतोय ना, एवढंच ते बघत होते. बायकोचा फोन आला तेव्हा मावशींनी घेतला आणि त्यांनीही बिनदिक्कत सांगितलं, "मजेत आहेत सगळे. काका पाणी ओततायत. नाही, झाडांना नाही. असंच."

दिवेलागणीला गोरी सरळ झाली. तिने ओठ पुढे काढून, मेहेरबानी केल्यासारखा, खाण्याचा एक कण गिळला. काकांनी तांब्या खाली ठेवला तेव्हा त्यांची बोटं सरळ होईनात.

मासे वाचले. पण दुसऱ्या दिवशी काचेतून आत पाहतात तो काय, टाकीतल्या गवतावर ठिपके! पानापानावर, काडीकाडीवर, बारीक, गोल, चकाकणारे. साहेबांच्या गालावर मूठभर होते, इथे पसाभर होते. काही तर काचेलाही चिकटलेले.

"रोग झाडांवर उतरला," कंपाउंडर मागे सरकत म्हणाले. "आता माणसांना लागणार."

काका मात्र आता घाबरले नाहीत. एवढा बिघडलेला माल त्यांनी गिरणीत पाहिला होता, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. ठिपके पुसत बसायचं नाही. अख्खा तागा बाद! त्यांनी बाह्या सारल्या, सगळं गवत उपसून बादलीत भरलं, कचऱ्यात टाकायला बादली उचलली आणि दार उघडलं.

दारात बायको उभी होती. मागे लेक. लेकीच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

"तुम्ही... आज कशा?"

"घर बघायला आलोय हिच्यासाठी," बायको म्हणाली. "आणि तुम्ही हल्ली फोनवर माझं सगळं ऐकून घ्यायला लागला होतात. तेव्हाच म्हटलं, काहीतरी मोडलंय." तिने नवऱ्याचं निळं कपाळ पाहिलं. मग निळं पातेलं. मग चाळण. मग न्हाणीघरातून आलेला छपाक असा आवाज ऐकला. "आणि ही बादली कुठे चाललीय?"

काकांनी मग सगळं सांगितलं. ठिपके, मीठ, रेडिओ, घोडा, मत्स्य खातं, शर्ट, चाळण, तांब्या. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. कंपाउंडर मध्येमध्ये वैद्यकीय बाजू सांगत होते. बायको ऐकत ऐकत न्हाणीघरात गेली, टबापाशी वाकली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता ती टबाच्या काठावरच बसली.

"अहो, नर आहे हा! जोडीचा हंगाम आला की त्याच्या गालावर हे दाणे येतात. दरवर्षी येतात. वयात आलेल्या पोराला मिसरूड फुटतं तसं आहे ते!"

"दरवर्षी?" काका म्हणाले. "मला कसे कधी दिसले नाहीत?"

"टाकीकडे कधी पाहिलंत तर दिसतील ना!"

"पण तो गोरीच्या अंगावर धावून..."

"मारायला नव्हता धावत." बायकोने बाहेर येऊन, सुनेकडे बघावं तसं एकदा गोरीकडे बघितलं, मग बादली ओढून आतलं गवत उचललं. "आणि हा रोग नाही. ही गोरीची अंडी आहेत. साहेब टबात असला तरी बाकीच्यांत नर आहेतच. तुम्ही पाणी कोमट केलंत, बदललंत, तिला वाटलं ऋतू पालटला. माझ्याच्याने इतक्या वर्षांत एकदा जमलं नव्हतं ते. आणि तुमचं ते निळं औषध अंड्यांना बुरशी लागू नये म्हणूनच टाकतात. टाकीचं पाणी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये कोळसा आहे, तो शोषून घेत होता, म्हणून निभावलं." ती गवत दुसऱ्या टबात सोडायला वळली. मग थांबून म्हणाली, "एवढं एकदा मला विचारलं असतंत तर?"

आयुष्यभर लोकांनी त्यांना विचारलं होतं, चालेल की नाही चालेल. आपणही कुणाला विचारायचं असतं, हे त्यांच्या कामात कधी बसलंच नव्हतं.

सगळ्यांचं लक्ष लेकीकडे गेलं. मावशींनी घाईघाईने सांगून टाकलं, "काल दिवसभर तांब्याने पाणी ओतत बसला होता बरं का तुझा बाप. जेवलासुद्धा नाही. मला वाटलं, हात खांद्यातून निखळेल."

लेक टाकीकडे बघत होती. मासे सगळे धड होते, हे खरं. घरात धड असं तेवढंच होतं, हेही खरं. तिने बाळ पुढे केलं. "धरा बाबा."

काकांनी निळे हात सदऱ्याला पुसले. रंग गेला नाही, पण पुसले. बाळ हातात आलं. ते इतकं हलकं होतं की काकांनी श्वास रोखून धरला. त्यांनी चेहरा जवळ नेला, आणि त्यांचे डोळे आपसूक बारीक झाले. बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर, गालावर, मोहरीहून बारीक पांढरे ठिपके होते.

कंपाउंडरांनाही ते दिसले. त्यांनी चष्मा वर केला. "हे पांढरे..."

"कंपाउंडर," काका म्हणाले, "गप्प बसा."

त्यांचा उजवा हात मोकळा होता. तो खिशाकडे गेला नाही आणि वरही गेला नाही. लेक एकटक त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी लेकीला विचारलं, अगदी हळू, जसं काही पहिल्यांदाच बोलायला शिकत होते, "बाळा... हे काय असतं गं?"

लेकीच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "नव्या बाळांना असतात ते, बाबा. आपोआप जातात. काही करायचं नसतं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मीठही नाही?"

"बाबा!"

"नाही, नुसतं विचारून ठेवलं," काका म्हणाले.

लेक आईकडे वळली. "पाळणाघरवालीला फोन करून सांगते, नको म्हणून. पण आई, यांचा फोन नेहमी चालू राहील एवढं बघ. दिवसातून दहा वेळा विचारणार आहेत हे."

"वीस," बायको म्हणाली.

काकांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. कारण तेवढ्यात बाळ जागं झालं होतं. त्याने काकांचं निळं कपाळ पाहिलं, मग डावा कान, मग उजवा, मग मिश्यांतला प्रत्येक केस. कपाळाला आठी घालून, घाई न करता, कडेकडेने सगळं तपासायला त्याने सुरुवात केली. काका हलले नाहीत. मान ताठ करून, उजेडाकडे तोंड धरून, ते माल पास व्हायची वाट बघत उभे राहिले.